कोर्टाने पाठवलेले आईबाप

आमच्या वर्गात येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सर्टिफिकेट हातात कधी मिळणार? पाठोपाठ दुसरा, "मी तर काहीच केलेलं नाही, मग मला कशाला पाठवलं?" शनिवारची सकाळ, कॉफीचे कागदी पेले, हाताची घडी आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर. आपखुशीने कुणीच आलेलं नसतं. त्यामुळे "तुम्ही आलात, आनंद झाला" असलं काही मी म्हणत नाही. स्वच्छतागृह कुठे आहे, मधली सुट्टी किती वाजता आहे आणि सर्टिफिकेट अगदी शेवटी मिळेल, एवढं सांगते आणि सुरुवात करते.

शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिल, ऑरोरा, व्हीटन अशी उपनगरं आहेत. त्या पट्ट्यात मी बरीच वर्षं हे काम करते आहे. इलिनॉय राज्यात लहान मूल असलेल्या जोडप्याने घटस्फोटाचा अर्ज केला, किंवा लग्न न करता एकत्र राहिलेली माणसं मुलाच्या जबाबदारीवरून कोर्टात गेली, की दोघांनाही पालकत्वाचा हा वर्ग करावा लागतो. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा तसा नियमच आहे, क्रमांक 924. वर्ग किमान 4 तासांचा, आणि कोर्टातल्या पहिल्या नियोजन बैठकीपासून 60 दिवसांच्या आत पुरा करायचा. सबळ कारण असेल तर न्यायाधीश सूट देतात, पण "वेळ नाही" हे सबळ कारण धरलं जात नाही. फी ज्याची त्याने भरायची. नवरा-बायकोला आम्ही एकाच तुकडीत बसवत नाही. बसवलं तर चार तास कोण काय बोललं याचाच हिशेब होईल.

माझं समाजकार्याचं शिक्षण पुण्यात झालं, आणि तिथल्या कौटुंबिक न्यायालयाच्या आवारात उमेदवारीही केली. तिथे समुपदेशकाकडे आलेल्या जोडप्याला आधी हेच विचारलं जायचं, की अजून काही होण्यासारखं आहे का? 1984चा कौटुंबिक न्यायालय कायदाही न्यायाधीशाला आधी समेटाचा प्रयत्न करायला सांगतो. मुलाची गोष्ट निघायची ती बहुतेक वेळा समेटाचं कारण म्हणून: "निदान पोराकडे बघून तरी." इथल्या वर्गात समेटाचा विषयच नसतो. लग्न मोडलं, हे धरूनच पहिलं वाक्य उच्चारायचं. सुरुवातीला मला ते फार कोरडं वाटायचं. आता वाटत नाही. "पोराकडे बघून" एकत्र राहिलेल्या आणि रोज त्या पोरासमोर भांडणाऱ्या घरांतली मुलंही मी पाहिली आहेत.

2016 पासून इथला कायदा मुलाच्या ताब्याची भाषा करत नाही. मूल कुणाकडे किती वेळ राहणार आणि शाळा, औषधपाणी, धर्म यांबद्दलचे निर्णय कोण घेणार, एवढंच तो विचारतो. अर्ज दाखल झाल्यावर 120 दिवसांत याचा लेखी आराखडा कोर्टाला द्यावा लागतो. म्हणजे आमच्याकडे येणारा माणूस आतून पेटलेला असतो आणि त्याच सुमारास त्याला पुढच्या दहा वर्षांच्या नाताळच्या सुट्ट्या वाटून घ्यायच्या असतात.

वयानुसार मुलं कशी वागतात हा भाग मी भराभर उरकते. चार वर्षांच्या मुलाला वाटतं की आपण दूध सांडलं म्हणून बाबा गेला. सात-आठ वर्षांचं मूल दोघं परत एकत्र येतील म्हणून मनसुबे रचतं. बारा वर्षांचं मूल न्यायाधीश होऊन एकाची बाजू घेतं. सोळाचं खोलीचं दार लावून घेतं. हे कुठल्याही पुस्तकात सापडेल. माझा खरा वेळ जातो तो आईबाप एकमेकांना पाठवतात त्या निरोपांवर.

एक नमुना पडद्यावर दाखवते. मूळ इंग्रजी, पण मराठीत साधारण असा: "नेहमीप्रमाणे तू इनहेलर पाठवायला विसरलीस. मुलगा जगला काय, मेला काय, तुला काय फरक पडतो. तुझ्या आईनेही तुला हेच शिकवलं असणार. वकिलाला कळवतोय." मग सगळ्यांना पेन्सिल देते आणि सांगते, यातलं जे मुलाबद्दल नाही ते खोडा. खोडता खोडता "नेहमीप्रमाणे" जातं, आई जाते, वकील जातो. शेवटी उरतं ते इतकंच: "इनहेलर पिशवीत नव्हता. सहापर्यंत आणून देशील, की मी येऊ?"

एकदा एका ट्रकचालकाने हात वर केला. धिप्पाड माणूस, तोवर तोंडातून अक्षर काढलेलं नव्हतं. म्हणाला, "पण मग मी चिडलोय हे तिला कळणार कसं?" वर्ग हसला. मी म्हटलं, "ते तिला कळलंय. म्हणून तर तुम्ही दोघं इथे आलात." तोही हसला आणि मग त्याने स्वतःचा फोन काढून आदल्या रात्रीचा खराखुरा निरोप वाचून दाखवला. वाचता वाचता मध्येच थांबला आणि "हा नको" म्हणून फोन खिशात टाकला.

बिल एडी नावाचे कॅलिफोर्नियातले वकील आणि समुपदेशक आहेत. भांडकुदळ निरोपाला उत्तर कसं द्यावं याचं त्यांचं चार कलमी सूत्र इथे सर्रास शिकवतात: थोडक्यात, माहितीपुरतं, सौजन्याने आणि ठाम. मी त्याला व्यवहारातला एक नियम जोडते: न्यायाधीशाने भर कोर्टात मोठ्याने वाचला तरी लाज वाटणार नाही असाच निरोप पाठवा. काही खटल्यांत कोर्ट दोघांना विभक्त पालकांसाठीच बनवलेलं अ‍ॅप वापरायला सांगतं. अशा अ‍ॅपमध्ये प्रत्येक निरोपावर वेळ उमटते, तो कधी वाचला गेला हे दिसतं आणि पाठवलेला पुसता येत नाही. एकमेकांशी धड बोलताही न येणारी माणसं त्यात अचानक "कृपया" लिहायला लागतात. भीतीपोटी लिहितात, पण मुलाच्या दृष्टीने "कृपया" कुठल्या कारणाने आलं याला महत्त्व नाही.

मग मुलाची ने-आण. जितकी कमी गाठ, तितकं बरं. सोमवारी सकाळी एकाने शाळेत सोडायचं, दुपारी दुसऱ्याने शाळेतून न्यायचं. मध्ये शाळा असल्यामुळे आईबाप समोरासमोर येत नाहीत. फारच वितुष्ट असेल तर पोलीस ठाण्याच्या दर्शनी दालनात मूल द्यायचं-घ्यायचं ठरतं. पण सगळ्यात वाईट भांडणं मी कपड्यांवरून होताना पाहिली आहेत. "मी घेतलेलं जाकीट त्या घरात जायचं नाही" म्हणून दारातच मुलाचे कपडे बदलणारे लोक आहेत, आणि बाहेर उणे पंधरा तापमान असतं. नऊ वर्षांच्या एका मुलाने तोडगा काढला होता. आईकडचा कोट तो बाबाच्या गाडीत बसण्याआधी उलटा करून अंगात घालायचा, म्हणजे रंग ओळखू येऊ नये. हे त्याच्या बापाने वर्गात हसत हसत सांगितलं. कुणी हसलं नाही.

सहकार्य करा, एकमेकांशी बोला, हा उपदेश सरसकट सगळ्यांना करायचा नसतो. ज्या घरात मारहाण झाली आहे, कोर्टाचा संरक्षण आदेश आहे, तिथे बाईला "मुलांसाठी त्याच्याशी जुळवून घ्या" सांगणं म्हणजे तिला पुन्हा त्याच दारात उभं करणं. अशांना आम्ही समांतर पालकत्व शिकवतो: संपर्क लेखी आणि तोही किमान, दोन घरांचे दोन स्वतंत्र नियम. समान शिस्त, एकत्र वाढदिवस असल्या गोष्टींचा आग्रह धरायचा नाही. हे सांगताना मी खोलीतल्या कुणाकडेही रोखून बघत नाही.

आता प्रामाणिकपणे: चार तासांत माणूस बदलतो का? फारसा नाही. वर्ग संपल्यावर भरून घेतलेल्या कागदांवर लोक "उपयुक्त" असं लिहितात, पण घरी जाऊन काय करतात ते त्या कागदावर येत नाही. अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी विभक्त पालकांसाठी एक कार्यक्रम आखला. त्याचा मुलांवरचा परिणाम 15 वर्षांनंतरही टिकल्याचं त्यांना आढळलं. पण तो कार्यक्रम दहाएक आठवडे चालतो. कोर्टांना तेवढा वेळ आणि पैसा परवडत नाही, म्हणून चार तास.

तरीही हे चार तास फुकट जातात असं मी म्हणणार नाही, आणि त्याचं कारण एक आकडा आहे. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मेव्हिस हेदरिंग्टन यांनी सुमारे तीन दशकं विभक्त आणि अविभक्त कुटुंबांचा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक 2002 साली आलं. घटस्फोट झालेल्या घरांतल्या साधारण 25 टक्के मुलांना पुढे गंभीर भावनिक वा सामाजिक अडचणी आल्या. न मोडलेल्या घरांत हे प्रमाण 10 टक्के होतं. मी हा आकडा सांगितला की वर्गात दोन गट पडतात. एक अपराधीपणाने खाली बघतो, दुसरा "म्हणजे पंच्याहत्तर टक्के ठीक!" म्हणून सुटकेचा श्वास टाकतो. दोघांनाही मी सांगते, की तुमचं मूल कुठल्या बाजूला जाईल ते बऱ्याच अंशी तुमचं भांडण त्याच्यासमोर किती वर्षं चालतं यावर ठरेल. घटस्फोट एका तारखेला संपतो. भांडणाला तारीख नसते.

आपली मराठी माणसंही या वर्गात येतात. त्यांची संख्या वाढते आहे. बहुतेक संगणक क्षेत्रातली, त्यामुळे वही आणतात, प्रत्येक मुद्दा लिहून घेतात आणि "याचा काही तयार तक्ता मिळेल का?" विचारतात. मधल्या सुट्टीत हळूच जवळ येऊन मराठीत बोलतात. पहिलं वाक्य बहुधा हे: "ताई, तुम्ही मंडळात असता ना?" यामागचा प्रश्न मला कळतो. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ 1969 सालचं, सगळे सगळ्यांना ओळखतात. गणपतीच्या रांगेत प्रसाद घेताना आपल्या संसाराचे धिंडवडे निघतील ही धास्ती. मी सांगते, बाहेर तुम्ही ओळख दाखवलीत तरच मी दाखवीन. मग खांदे जरा सैल होतात.

आपल्या लोकांचे आराखडे वेगळे असतात. दिवाळी दर वर्षी वेगळ्या तारखेला येते हे इथल्या वकिलाला समजावून सांगावं लागतं. "सम वर्षी आईकडे, विषम वर्षी बाबाकडे" असं नुसतं लिहून भागत नाही, कारण लक्ष्मीपूजन मधल्या वारी येतं आणि मंडळाची दिवाळी सोयीच्या शनिवारी. एका जोडप्याने यातूनच वाट काढली: एका वर्षी पंचांगातली दिवाळी आईची आणि मंडळाची बाबाची, पुढच्या वर्षी उलट. मुलीला दर वर्षी दोन दिवाळ्या मिळाल्या. वकिलांच्या डोक्यातून हे कधीच निघालं नसतं.

पण मोठा पेच व्हिसा आणि पासपोर्टचा. बायको नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या एच-4 व्हिसावर असेल तर घटस्फोटाच्या निकालाबरोबर तो व्हिसाही जातो. 2015 पासून काही एच-4 धारकांना नोकरीची परवानगी मिळू लागली, पण तीही त्याच व्हिसाला टांगलेली. मूल इथे जन्मलेलं, अमेरिकेचं नागरिक, आणि आईला या देशात राहायला आधार नाही. वर्गात मला कायद्याचा सल्ला देता येत नाही. एवढंच सांगते, की घटस्फोटाचा वकील आणि व्हिसाचा वकील वेगळे असतात, दोघांनाही भेटा, आणि निकालाच्या आधी भेटा.

सोळा वर्षांच्या आतल्या मुलाच्या अमेरिकी पासपोर्टला दोन्ही पालकांची संमती लागते. आणि मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबाबत 1980 साली हेगला झालेल्या करारात भारत सामील नाही. एक पालक मूल घेऊन पुण्याला गेला आणि परत आलाच नाही, तर इथल्या कोर्टाच्या हाती फारसं काही उरत नाही. त्यामुळे "उन्हाळ्यात सहा आठवडे आजीकडे" या साध्या वाक्यावर न्यायाधीश चार वेळा विचार करतात. परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता, प्रवासाचा तक्ता, कधी भरभक्कम रकमेची हमी. पासपोर्ट कुणाच्या कपाटात राहणार यावरून तर महिनेच्या महिने जातात. यात ज्यांच्या हेतूत काही खोट नाही असेही भरडले जातात.

आणि इथेच आपल्या लोकांच्या बाबतीत एक गोष्ट या वर्गाच्या आवाक्याबाहेर राहते. कोर्ट आईला आणि बापाला पाठवतं. पण आपल्याकडे घटस्फोट दोघांचा नसतोच. साताऱ्यातली आजी, नाशिकचे आजोबा, ठाण्याची मावशी, पुण्याचा काका, हे सगळे रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर हजर. त्यांना कुणीही सर्टिफिकेट मागत नाही.

एका घरातली गोष्ट, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. सहा वर्षांची मुलगी. बाबाकडे असली की आजीचा फोन यायचा आणि आजी विचारायची, "मम्माने जेवायला काय दिलं गं?" एकदा मुलीने सांगितलं, "काही नाही." आजीचा जीव कळवळला, बाबाने तिला जवळ घेतलं, आइस्क्रीम आलं. पुढच्या वेळीही उत्तर "काही नाही". तिकडे आईच्या घरी मावशी विचारायची, "बाबा खूप ओरडतो का?" तिथे उत्तर "हो". वाढलेल्या ताटाचा फोटो आईच्या वकिलाकडे आणि "आई मुलीला उपाशी ठेवते" हे प्रतिज्ञापत्र बाबाच्या वकिलाकडे, अशी कागदपत्रं तयार झाली. मुलगी खोटारडी नव्हती. कुठल्या घरात कुठलं उत्तर आवडतं हे ती शिकली होती, आणि ते तिला शिकवणारी माणसं तिच्यावर जीव टाकणारीच होती.

तिची आजी नंतर सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आली. मुलाबरोबर वर्गालाही आली. आत फक्त कोर्टाने पाठवलेल्यालाच बसता येतं, म्हणून बाहेरच्या खुर्चीवर, मांडीवर थर्मास घेऊन बसून राहिली. मधल्या सुट्टीत मी पाणी प्यायला बाहेर आले तर म्हणाली, "काय शिकवता गं तुम्ही त्याला आत? चुकलं तर तिचं आहे."

"आजी, चूक कुणाची हे आम्ही शिकवतच नाही."

"मग?"

मी थोडक्यात सांगितलं. मुलीला त्या घरातलं काही विचारायचं नाही. तिच्या आईबद्दल तिच्यासमोर वाईट बोलायचं नाही.

"म्हणजे मी तिला चांगली म्हणायची?"

"चांगली म्हणू नका. काही म्हणूच नका."

आजी बराच वेळ थर्मासचं झाकण फिरवत राहिली. मग म्हणाली, "अगं पण मग पोरीशी बोलू काय? आठ महिने आमच्या घरात दुसरा विषय नाही."

हा प्रश्न मला वर्गात कुणी कधी विचारला नव्हता, आणि तो अगदी खरा होता. मी म्हटलं, दात पडलाय का विचारा. शाळेत शेजारी कोण बसतं ते विचारा. तुमच्या लहानपणी चिंचा कशा पाडायचात ते सांगा. आजीने मान डोलावली, पटलं की नाही कळलं नाही. थर्मासमधला चहा मात्र मला दिला, आल्याचा, भरपूर साखर घातलेला.

तिकडे महाराष्ट्रातही आता मुलांच्या भेटींचे आदेश, व्हिडिओ कॉलच्या वेळा हे सगळं कौटुंबिक न्यायालयांत रोजचं झालं आहे. 2015 साली विधी आयोगाने आपल्या 257व्या अहवालात संयुक्त पालकत्वाचा पर्याय कायद्यात आणावा अशी शिफारस केली. असले वर्ग तिथे सक्तीचे झाले तर मी स्वागतच करीन. फक्त त्यात एक तास आजी-आजोबांसाठी ठेवावा, अशी माझी सूचना आहे, आणि तो पहिला ठेवावा.

ते होईल तेव्हा होईल. तोवर हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचा मुलगा किंवा मुलगी परदेशात वेगळी राहत असेल, तर त्यांना एवढंच सांगते: तुम्हाला राग येणं साहजिक आहे, तो एकमेकांत बोला, भावाशी बोला, शेजारणीशी बोला. नात फोनवर आली की तिच्याकडे जेवणाची चौकशी करू नका, तिकडे कोण येतं-जातं ते विचारू नका, आणि आईने पासपोर्ट कुठल्या कपाटात ठेवलाय हे तर मुळीच विचारू नका.